स्टेपनी कुठंय?

आमच्या घरात बाबागाडीचा विषय निघाला तो माझ्या कमरेमुळे. लेकीला पोटाशी बांधून मी पर्वती चढायला निघालो होतो. 103 पायऱ्या. साठाव्या पायरीच्या आसपास कमरेत अशी चमक भरली की उरलेल्या पायऱ्या मी समुद्राकडे वाकलेल्या माडासारखा चढलो. डॉक्टरांनी महिनाभर वजन उचलायला बंदी केली. मी म्हटलं, "नऊ किलो म्हणजे काही फार नाही हो." ते म्हणाले, "तांदूळ असते तर नव्हते. तांदूळ लाथा मारत नाहीत."

बायकोचं म्हणणं सरळ होतं. सोसायटीत फिरवायला एक हलकी गाडी घेऊ, बाहेरगावी आळीपाळीने कडेवर. पण मला हवी होती डोंगरात चालणारी गाडी. जन्मल्यापासून दहा महिने ही मुलगी फक्त लिफ्ट, पार्किंग आणि लसीकरणाचा दवाखाना बघत होती. तिला झाडं दाखवायची, दगड दाखवायचे, झालंच तर एखादा किल्ला पायथ्यापासून दाखवायचा, असा माझा बेत होता.

मग तीन आठवडे मी रात्री लेकीला झोपवून बाबागाड्यांचा अभ्यास केला. एवढा अभ्यास बारावीला केला असता तर आज कमरेचा डॉक्टर मीच असतो. पुढचं चाक गरकन फिरणारं हवं की सरळ अडकवता येणारं? (दोन्ही. बाजारात फिरणारं, उतारावर अडकवलेलं. नाहीतर वेग आला की ते थडथडतं.) चाकं तीन की चार? टायर हवेचे की भरीव? हवेच्या टायरवर बाळाला दगडधोंडे कमी लागतात, पण पंक्चर होतो. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण त्यावर बसून बाळ दगडाचा प्रकारसुद्धा ओळखू शकेल. शिवाय पाच ठिकाणी अडकवायचा पट्टा, आणि उतारावर गाडी हातातून निसटू नये म्हणून मनगटात घालायची दोरी. गाडीला हात लावून धावायचं असेल तर बाळाने मान धरल्याशिवाय, म्हणजे निदान सहा महिन्यांच्या आत, धावू नये असंही वाचलं. हा नियम मी ताबडतोब मान्य केला. मी बसमागेही धावत नाही.

मग अर्थातच इतिहासात शिरलो. 1733 मध्ये विल्यम केंट नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकाराने एका ड्यूकच्या मुलांसाठी गाडी केली, ती बकरी किंवा तट्टू ओढत असे. छत्रीसारखी मिटणारी गाडी 1965 ची, ओवेन मॅक्लारेन यांची. हे गृहस्थ विमानाच्या चाकांवर काम केलेले अभियंते. आणि ज्या जातीची गाडी मला हवी होती, तीन मोठ्या चाकांची, ती 1984 मध्ये फिल बेकलर या अमेरिकन माणसाने केली. तो वर्तमानपत्रात कामाला होता, त्याला पळायला जायचं होतं आणि मुलालाही सोबत न्यायचं होतं, म्हणून त्याने सरळ सायकलची चाकं बसवली.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे घास संपवला आणि म्हणाले, "तीन चाकं आपल्याकडे पांगुळगाड्याला कधीपासून आहेत. बकरीचं मात्र चांगलं होतं. हवा भरायची कटकट नाही."

रविवारी आम्ही दुकानात गेलो. लेक झोपली होती आणि झोपलेलं मूल खरेदीसाठी उठवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणून आईने तिच्याऐवजी पाच किलो कोलम आणि चार किलो आंबेमोहोर दिला. दुकानात मी ते तांदूळ गाडीत बसवले, पाचही पट्टे लावले आणि वर छत ओढलं. एक आजी कौतुकाने जवळ आल्या. "अगंबाई, किती शांत आहे हो!" म्हणत त्यांनी छत वर केलं. आत आंबेमोहोर. त्यांनी छत परत खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या नातवाला हाताला धरून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

विक्रेता मुलगा उत्साही होता. "सर, ही ऑल-टेरेन आहे."

"म्हणजे सिंहगड रोडवर चालेल?" बायकोने विचारलं.

तो थोडा घुटमळला. "सर, डोंगरात तर शंभर टक्के चालेल."

मी तांदूळ घेऊन गाडी बाहेर काढली. दुकानासमोरच्या पदपथावर पहिल्या वीस पावलांत एक विजेची डीपी, तीन स्कूटर, वडापावची गाडी आणि निम्मे उखडलेले ब्लॉक लागले. मग जिथे पदपथ संपतो तिथे दुचाकी चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले होते. दुचाकी त्यांच्या बाजूने आरामात जात होत्या. अडकलो मी. मागचं चाक खांबाला घासलं आणि एका स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. पदपथावर.

आत आलो तर बाबांनी नमुन्याची दुसरी गाडी उलटी घातली होती. चाक गरागरा फिरवून ते कान लावून ऐकत होते. मग दोन बोटांत चाक धरून आडवं हलवलं. "प्ले नाही," ते म्हणाले. म्हणजे चाक ढिलं नाही. त्या मुलाला वाटलं ते मुलांना खेळायला काही नाही म्हणतायत. त्याने लगेच गाडीला लटकवायचं खुळखुळ्याचं माकड आणून दाखवलं.

"वंगण कुठं द्यायचं?"

"सर, मेंटेनन्स फ्री आहे."

"असं काही नसतं. टायरात हवा किती?"

त्याने खाली वाकून टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. तीस पौंड. हवा भरायचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच निघाला, त्यावर बाबा पहिल्यांदा जरा खूष झाले. मग त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, खालची जाळीची टोपली उचकून पाहिली आणि विचारलं, "स्टेपनी कुठंय?"

मुलगा हसला. मी हसलो. काउंटरमागचे मालकसुद्धा हसले. बाबा हसले नाहीत. "तीन चाकं हवेची आणि स्टेपनी नाही," एवढंच ते पुटपुटले.

गाडीची किंमत 28,500 रुपये. त्यात एक चांगली जुनी मोटारसायकल आली असती, हे घरी पोचेपर्यंत मला चार वेळा ऐकायला मिळालं. दोनदा बाबांकडून, एकदा बायकोकडून आणि एकदा रिक्षावाल्याकडून, कारण त्यानेही किंमत विचारली होती. लेक नऊ किलोची, गाडी तेरा किलोची. दुकानात त्या मुलाने ती एका हाताने मिटून दाखवली होती. घरी ती आम्ही चार हात, दोन गुडघे आणि एका फेसाळलेल्या भांडणाने मिटली. मिटल्यावरही आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत ती मावेना. पुढचं चाक काढलं तर मावली, पण मग डिकीचं झाकण लागेना. शेवटी मागच्या सीटवर बाबागाडी, तिच्याशेजारी चेंगरून आई-बाबा आणि पुढे मी, असा प्रवास ठरला. बायको आणि लेक? त्या बायकोच्या बहिणीच्या गाडीतून. म्हणजे लेकीच्या बाबागाडीसाठी लेक दुसऱ्या गाडीत.

पहिली चाचणी तळजईच्या टेकडीवर. तिथेही दुचाकी रोखायचे खांब, पण आता मी अनुभवी होतो. बाळाला काढायचं, गाडी उचलायची, पलीकडे ठेवायची, बाळाला बसवायचं. कमरेच्या डॉक्टरांनी हे पाहू नये म्हणून मी आजूबाजूला बघून घेतलं. मातीच्या वाटेवर मात्र गाडी खरोखर सुरेख चालली. दगडावरून जाताना लेकीचे गाल लोण्याच्या गोळ्यासारखे हलत आणि ती "अ-अ-अ-अ" असा लांब सूर काढी. वाट संपली की सूर संपे, आणि ती वळून माझ्याकडे बघे, की थांबलास का? त्या एका सुराचे 28,500 वसूल झाले असं मी घरी जाहीर केलं. बाबा तेव्हा तिच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

मग डिसेंबरात माथेरान ठरलं. तर्क बिनतोड होता. मोटारींना बंदी असलेलं गाव, म्हणजे हॉर्न नाही, स्कूटर नाहीत, मनसोक्त गाडी ढकला. निघताना बाबांनी आपली जुनी खाकी पिशवी उचलली. ती मी सरकवायला गेलो तर जागची हलेना. "बाबा, काय पहार घेतलीय का?" मी म्हटलं. ते म्हणाले, "तुझी बाबागाडी मावते, माझी पिशवी मावेल."

दस्तुरी नाक्याला मोटारी ठेवल्या. पुढे बाजारापर्यंत सगळं आपलं आपण: पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेने. हमाल सामान डोक्यावर घेतात. त्यातल्या एकाने आमची बाबागाडी वरखाली न्याहाळली. "ही डोक्यावर घेऊ? नगाप्रमाणे पैसे."

"नाही, ही चालते."

"आत पोरगी आहे तर मग दोन नग झाले असते," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तांबडी माती, वर गच्च झाडी, बाजूला दोन फुटी रुळांची ती 1907 पासूनची छोटी रेल्वे. लेकीचा सूर लागला. रस्त्यातले लोक वळून बघत होते. एक घोडेवाला बराच वेळ शेजारून चालला. "साहेब, केवढ्याला पडली?" मी आकडा सांगितला. त्याने घोड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग परत घोड्याकडे, जणू काही मनातल्या मनात हिशोब करतोय. एवढ्यात एका माकडाने वरून उडी घेतली आणि हँडलवरच्या कप-होल्डरमधून बिस्किटांचा डबा उचलला. दोन कप-होल्डर ही त्या गाडीची खास सोय होती. माथेरानात ती माकडांसाठी आहे.

आणि पुढच्या वळणावर गाडी डावीकडे ओढायला लागली. आधी मला वाटलं रस्त्याचा उतार. मग लेकीचा सूर फाटला. मागचं डावं चाक बसलं होतं, पुरतं, रिमवर.

मी इकडेतिकडे पाहिलं. पुण्यात शंभर पावलांवर पंक्चरवाला सापडतो. इथे मागे नाका, पुढे बाजार आणि मधे नुसतं जंगल. ज्या गावात मोटार नाही अशा गावाच्या वाटेवर मी पंक्चर झालो होतो.

"घोडा घ्या साहेब," घोडेवाला म्हणाला. "घोडा पंक्चर होत नाही."

बायको काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही तेव्हा ते फार मोठ्याने ऐकू येतं.

बाबा मागून सावकाश चालत आले. चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. खाकी पिशवी खाली ठेवली. "आधी प्रवासी उतरवून घ्या," ते म्हणाले.

मग त्या पिशवीतून एकेक वस्तू बाहेर आली: हातपंप, टायर काढायचे दोन चमचे, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, कापलेल्या जुन्या ट्यूबची रबरं एका पेपरमिंटच्या डबीत, आणि बसायला गोणपाट. गोणपाट अंथरून ते बसले. दहा मिनिटांत चाक बाहेर, ट्यूब बाहेर. भोक शोधायला पाणी हवं होतं. बायकोने निमूटपणे दुधाच्या बाटलीचं उकळलेलं पाणी पुढे केलं. बाबा म्हणाले, "एवढ्यात बुडबुडा कळणार नाही." घोडेवाल्याने घोड्याची पाण्याची बादली आणून दिली. बाबा ट्यूब बादलीत बुडवून हळूहळू फिरवू लागले. घोडा मान खाली घालून बघत होता, लेक आईच्या कडेवरून बघत होती आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. बाबांनी तिथे अंगठा दाबला आणि मग टायरच्या आतून बोट फिरवून एक काटा काढला.

"बाभळीचा," त्यांनी तो उन्हात धरला. "हा इथला नाही. तळजईचा आहे. हळूहळू हवा सोडत आला." मग मला उद्देशून म्हणाले, "गाडी डेपोतूनच फॉल्टी सुटली होती. निघताना बघायला पाहिजे होतं."

स्टेपनी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी वाट बघत होतो. उच्चारला असता तर बरं वाटलं असतं.

घासून, सोल्यूशन लावून, फुंकर मारून त्यांनी रबर चिकटवलं आणि चपलेच्या टाचेने दाबून धरलं. तोवर लेकीने घोड्याच्या आयाळीत दोन्ही हात घातले होते आणि बाबागाडी या वस्तूशी असलेले आपले संबंध संपवून टाकले होते. तिला परत बसवायला गेलं की पाचही पट्ट्यांतून ती अशी निसटायची की त्या पट्ट्यांचा तांदळांवरच जास्त विश्वास होता म्हणायचं. शेवटी ती घोड्यावर, धरायला बायको, आणि घोडेवाला आमच्याकडे न बघता पुढे चालू लागला. त्याचा हिशोब बरोबर आला होता.

मी रिकामी गाडी ढकलून पाहिली. आता ती अगदी सरळ चालत होती. बाबा गोणपाटाची घडी घालत होते, तेवढ्यात मागून एक तरुण जोडपं आलं, मुंबईचं असावं. त्यांच्याकडे आमच्यासारखीच तीन चाकांची गाडी होती, रंग तेवढा वेगळा, आणि तिचं पुढचं चाक पापडासारखं बसलेलं. गोणपाट, पंप आणि बादली बघून नवऱ्याच्या चेहऱ्यावर देव भेटल्याचा आनंद पसरला.

"काका, इथं पंक्चर काढतात ना?"

बाबांनी घडी घातलेलं गोणपाट परत उलगडलं.

"आधी प्रवासी उतरवून घ्या," ते म्हणाले.