'गव्हाचा ब्रेड खाऊनही वडिलांची साखर वाढली' या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: मधुमेह असलेल्या वडिलांसाठी आमचा शंभर टक्के कणकेचा ब्रेड नेला, त्यांनी सकाळी चार स्लाइस जॅम लावून चहाबरोबर खाल्ले आणि दोन तासांनी साखर चढलेली दिसली. ब्रेड पुरेसा ब्राऊन नाही, जड आहे, तिसऱ्या दिवशी बुरशी आली. शिवाय 'हेल्दीच्या नावाखाली फसवणूक'. बाकीचं ठीक, पण हा शेवटचा शब्द टोचला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी साखरेचं. आमच्या पाटीवर 'शंभर टक्के कणीक, मैदा नाही' एवढंच लिहिलंय. 'शुगर असणाऱ्यांसाठी' असं आम्ही कुठेच लिहीत नाही, कारण ते खरं नाही. बारीक दळलेल्या गव्हाचा ब्रेड रक्तातली साखर जवळजवळ मैद्याच्या ब्रेडइतकीच वाढवतो. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा, शुद्ध ग्लुकोजचा १०० धरून. त्याच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडची सरासरी ७५ आहे आणि कणकेच्या ब्रेडची ७४. गहू पिठासारखा बारीक झाला की कोंडा आत असूनही पिष्ट पटकन पचतं. दाणे अख्खे किंवा भरड ठेवले तर आकडा बराच खाली येतो. मग कणकेचा ब्रेड घ्यायचा कशाला? तंतू मैद्याच्या दुपटीहून जास्त मिळतात, कोंडा आणि अंकुरातली खनिजं, जीवनसत्त्वं मिळतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. हा फायदा खरा आहे. पण त्यामुळे चार स्लाइसचे दोन होत नाहीत.

हिशोबच करू. आमची एक स्लाइस साधारण ३० ग्रॅमची. तिच्यात १२ ते १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट. चार स्लाइस म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, वर जॅम, आणि चहात साखर असेल तर तीही. त्याऐवजी दोन स्लाइस, सोबत उसळ किंवा अंडं, काकडी-टोमॅटो असं केलं असतं तर मीटरवरचा आकडा बहुधा वेगळा दिसला असता. वडिलांना किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनी आणि मीटरने ठरवायचं, बेकरीवाल्याने नाही.

तुम्ही लिहिलंय की काउंटरवरच्या मुलाने 'मग भाकरी खावा की' असं सांगितलं. त्याचा सूर तुम्हाला उर्मट वाटला असेल, पण सल्ल्यात वावगं काही नाही. फक्त भाकरीलाही मोजमाप लागतंच. ज्वारी असो, नाचणी असो, पिष्ट दोन्हीत भरपूर. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते गव्हात कुठून येणार? तरी मधुमेहाला नाचणी म्हणजे औषध, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर जाऊ नये असं म्हटलंय. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी चपाती आणि भात, रात्री पुन्हा भात. वाटा तिथेच वाढतो, ब्रेड त्यात उगाच बदनाम. (कोल्हापुरात मिसळीबरोबर किती स्लाइस जातात हे मी बोलत नाही, धंदा माझाच आहे.)

आता रंग. कणकेचा ब्रेड भाजल्यावर फिकट तपकिरीच होतो. बाजारात जो चॉकलेटी दिसतो, त्याच्या पाकिटामागे एकदा बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल किंवा त्या रंगाचा क्रमांक १५० दिसला, तर तो गडद रंग कोंड्याचा नाही हे समजा. आमचा लोफ जड लागतो कारण कोंड्याचे कण ग्लूटेनचे (गव्हातल्या चिवट प्रथिनाचे) धागे तोडतात आणि पीठ मैद्यासारखं फुगत नाही. वरून मैदा किंवा ग्लूटेन घालून तो हलका करता येतो, पण मग पाटी बदलावी लागेल.

बुरशीचं म्हणाल तर आम्ही प्रिझर्व्हेटिव्ह घालत नाही आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. पाकिटावर 'दोन दिवसांत संपवा' असा शिक्का आहे. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते पण ब्रेड लवकर शिळा, कोरडा होतो. सगळ्यात बरं म्हणजे आणल्या दिवशीच स्लाइस फ्रीझरमध्ये टाका, लागतील तशा काढून तव्यावर शेका. पैसे परत मागितलेत, ते मात्र देणार नाही. माल जसा लिहिला होता तसाच होता.

वडिलांसाठी वेगळं काही बघायचं असेल तर भरड दलिया आणि जवस घातलेला, साखर न घातलेला छोटा लोफ आम्ही ऑर्डरवर करतो. त्यातही गहूच आहे, त्यामुळे आधी एका स्लाइसवर मीटर लावून बघा. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत काउंटरवर सांगायचं, सकाळी आठनंतर मिळेल. सोमवारी भट्टी बंद असते.

– बेकरीचा मालक