एका विद्यार्थ्याच्या तीन नोंदी

प्रवेशाची प्रणाली वेगळी, विद्यार्थी-नोंदींची वेगळी, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे दर वर्षी मीच. अर्जात आडनाव आधी, गुणपत्रिकेत नाव आधी, पावतीवर केवळ आद्याक्षरे. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याच्या तीन नोंदी तयार होतात आणि शुल्क नेमके कोणत्या नोंदीवर जमा झाले, हे शोधण्यात माझी अख्खी दुपार जाते. त्यात कोणी यादी एक्सेलमध्ये उघडून जतन केली, की ००४५१७ या अर्ज क्रमांकातली पहिली दोन शून्ये गळतात आणि ३ एप्रिलची जन्मतारीख ४ मार्च होऊन बसते. तारीख कशी लिहावी यासाठी आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ पासून आहे म्हणे! दुरुस्ती सुचवली, तर ‘पुढच्या सत्रात पाहू’; पुढच्या सत्रात मात्र नवी प्रणाली येते आणि त्या तिन्ही नोंदी तिच्यात जशाच्या तशा ओतल्या जातात.