जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू नव्हे

कोकणातल्या डोल जाळ्यांवरचा, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांवरचा, तुमचा लेख मनापासून आवडला. फक्त जवळ्याला त्यात ‘कोळंबीची पिल्लं’ म्हटलंय, तेवढं कृपया दुरुस्त करा. जवळा ही स्वतंत्र जात आहे. पूर्ण वाढ झाली तरी तो सहसा ४ सेंटीमीटरपुढे जात नाही, त्यामुळे हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे.

त्याची खरी पिल्लं बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. अंड्यातून निघतो तो नॉप्लियस: एक डोळा, अवयवांच्या तीन जोड्या, बस्स. तो काही खात नाही, अंगातल्या बलकावर जगतो आणि डोक्याकडच्या त्या अवयवांनीच पोहतो. काही वेळा कात टाकली की प्रोटोझोइया होतो. आता तोंड चालू लागतं, तरंगत्या सूक्ष्म वनस्पती खायला सुरुवात होते. पुढच्या मायसिस अवस्थेत पोहण्याचं काम छातीच्या पायांकडे जातं आणि त्यानंतर पोटाखालच्या पायांकडे. डोकं, छाती, पोट असं हे काम मागे सरकत जातं, हे मला फार विलक्षण वाटतं! कोळंबीची वाढही साधारण याच क्रमाने होते.

पुढच्या भागात या अवस्थांची रेखाचित्रं जरूर द्या. त्यात पायांवरचे केसही नीट दाखवा, कारण अवस्था ओळखताना तेच मोजावे लागतात.