एक जून आणि मुक्कामाची गाडी

आमच्या घरात वडिलांचा दिवस जूनच्या तिसऱ्या रविवारी येत नाही, तो १ जूनला येतो. अण्णांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५६ अशी आहे. त्यांच्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांप्रमाणे ती नाव घालताना गुरुजींनीच लिहिली. खरी तारीख आजीलाही सांगता आली नाही. ‘भाताची लावणी चालली होती’ एवढेच तिला आठवत होते. योगायोग असा, की १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्यामुळे एसटीचा वर्धापनदिनही याच तारखेला येतो. अण्णा एकतीस वर्षे एसटीत वाहक होते. त्या दिवशी ते खाकी गणवेशाला कडक इस्त्री करून, बिल्ला चिंचेने घासून कामावर जात आणि येताना आम्हा भावंडांसाठी पावशेर पेढे आणत. वाढदिवस कोणाचा, त्यांचा की गाडीचा, हे आम्ही कधी विचारले नाही.

यंदा हे सविस्तर लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात एका लग्नात एक नातेवाईक सहज बोलून गेले, ‘अण्णांनी संसार नेटका केला, पण पोरांचे बालपण काही त्यांच्या वाट्याला आले नाही, निम्म्या रात्री तर बाहेरच गेल्या.’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तरी ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले, कारण कष्टकरी बापाविषयी आपण सगळेच असे बोलतो. त्याने कमावले, आईने वाढवले, अशी सरळ वाटणी करून मोकळे होतो. आमच्या घरापुरती तरी ही वाटणी खोटी आहे.

त्या रात्री बाहेर गेल्या हे खरेच आहे. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यातील डोंगरगावांना संध्याकाळी जी शेवटची गाडी जाते ती तिथेच मुक्काम करते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून खाली येते. चालक आणि वाहक गाडीतच, नाहीतर एखाद्या देवळात झोपतात. अण्णांच्या वाट्याला आठवड्यातून तीन मुक्काम येत. वीसच वर्षे धरली तरी तीन हजारांवर रात्री होतात. उशाला पैशांची चामडी पिशवी, तिच्यावर टॉवेल आणि पायांशी तिकिटांचा ट्रे, अशा त्या रात्री. मुक्कामाची गाडी नसती तर त्या गावांतील मुले सकाळच्या शाळेला वेळेवर पोचली नसती, दुधाच्या किटल्या खाली आल्या नसत्या आणि रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला उजाडता उजाडता तालुक्याच्या दवाखान्यात नेता आले नसते. लोक आदल्या दिवशी अण्णांकडे चिठ्ठी आणि पैसे देत आणि संध्याकाळच्या गाडीने त्यांची औषधे वर पोचत. याचा मोबदला त्यांना कोणी देत नव्हते, आणि त्यांनी मागितलाही नाही.

वाहकाचे काम म्हणजे दोन वेळा घंटी वाजवणे आणि तिकिटे फाडणे, असे पुष्कळांना वाटते. तिकिटाचे यंत्र येण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याला, म्हणजे दर सहा किलोमीटरला, कोणत्या किमतीच्या तिकिटाचा कितवा क्रमांक चालू आहे हे वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, नोंदवावे लागे. घाटात हेलकावे खाणाऱ्या गाडीत, एका हाताने दांडा धरून, माणसांच्या गर्दीत ते लिहायचे, आणि संध्याकाळी हिशेबात एक रुपया कमी आला तर तो खिशातून भरायचा. अण्णांच्या उजव्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा काळपट वळ आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी तो गेलेला नाही. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या आहेत. आषाढीच्या जादा गाड्यांवर ते वर्षानुवर्षे पंढरपूरला गेले, पण रांगेत उभे राहायला उसंत कधीच मिळाली नाही. कळसाला हात जोडून परत यायचे आणि आईला सांगायचे, ‘दर्शन झाले.’

मी नववीत असताना त्यांच्याच गाडीने शाळेत जात असे. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. तसा माझ्याकडेही होता आणि अण्णा रोज इतर मुलींबरोबर माझाही पास पाहत. याचा मला तेव्हा मनस्वी राग येई. एकदा पास घरी राहिला. मला वाटले, आता तरी हे बाप म्हणून पुढे जातील. ते माझ्यापाशी थांबले, ट्रेमधून तिकिटे काढली, पंचाने भोके पाडून माझ्या हातात दिली. मग शर्टाच्या खिशातून चार रुपये काढले आणि मला दिसतील असे चामडी पिशवीत टाकले. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, ‘तपासणीस चढला तर माझे काय व्हायचे ते होईल गं, पण चारचौघींत तुला कुणी विनातिकीट म्हटलेले मला चालायचे नाही.’ माझी मान त्यांनी माझ्याआधी जपली होती, हे समजण्याइतकी मी तेव्हा मोठी नव्हते.

आणि वेळेचे म्हणाल, तर मुक्कामावरून आल्यावर त्यांना जी सुटी मिळे तो दिवस ते आमच्यात काढत. माझे केस विंचरून दोन वेण्या घालणारा बाप आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. बेरजा ते आम्हाला तिकिटांच्या हिशेबावर शिकवत: सव्वादोनची अकरा, साडेतीनची सात, झाले किती? आजही मला आकडेमोडीला कॅल्क्युलेटर लागत नाही. बँकेतल्या माझ्या नोकरीचा पाया त्या ओसरीवर घातला गेला. आईने त्या तीन हजार रात्री दोन लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेली आजी एकटीने सांभाळली, हे इथे सांगितले नाही तर अण्णांनाच ते आवडणार नाही.

चार वर्षांपूर्वी कर्जाच्या पाहणीसाठी वरच्या एका गावात गेले होते. आडनाव ऐकून तिथल्या शाळेतील एका शिक्षिकेने विचारले, ‘मुक्कामाच्या गाडीवरचे कंडक्टर तुमचे कोण?’ तिची दहावीची परीक्षा होती, त्या पंधरवड्यात अण्णा पहाटे पाच वाजता तिच्या दारावर थाप मारून जात, कारण घरात घड्याळ नव्हते आणि आई-वडील ऊसतोडीला गेले होते. मला यातले काहीही माहीत नव्हते. घरी येऊन विचारले तेव्हा अण्णांना ती मुलगी आठवली, पण दारावर थाप मारली हे त्यांना सांगण्यासारखे वाटले नव्हते. मला क्षणभर हेवा वाटला, हे कबूल करते. मग लक्षात आले की त्या पहाटेसुद्धा ते बापच होते, आणि त्यामुळे आमच्या वाट्याचे काही कमी झाले नव्हते.

३१ मे २०१४ रोजी ते निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी वर्धापनदिन होता. अण्णा सवयीने पहाटे साडेचारला उठले, दाढी केली आणि मग ओसरीवर नुसते बसून राहिले. पेढे त्या वर्षी मी आणले.

आज सकाळी फोन केला तेव्हा लग्नातले ते बोलणे त्यांना सांगितले नाही. एवढेच विचारले, ‘अण्णा, मुक्कामाला तुम्हाला झोप लागायची का?’ ते म्हणाले, ‘लागायची की. फक्त पावसाळ्यात नाही. टपावर पाऊस वाजायला लागला की आपला स्वयंपाकघरातला पत्रा आठवायचा. तुम्ही कुठल्या कोपऱ्यात अंथरूण सरकवले असेल, याचा अंदाज घेत पडून राहायचो.’ दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून आले की ते चहाच्याही आधी शिडी लावून वर चढत. पत्रा आता बदलला, पण तुळईजवळच्या जुन्या तुकड्यावर त्यांनी अंगठ्याने दाबून बसवलेला डांबराचा गोळा अजून आहे, आणि त्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे.