आमदार व्हायचंय? आधी सिग्नल झाका

घरातला पोरगा काही करत नाही म्हणून रडता कशाला? त्याला आमदार करा. रीत सोपी आहे.

पहिला येतो वाढदिवस. स्वतःचा लांब असेल तर साहेबांचा. फ्लेक्स भर चौकातच लावायचा. आमच्या चौकात मागच्या आठवड्यात एका 'भावी आमदारा'चा लागलाय. गॉगल, जाकीट, जोडलेले हात, खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट साइझची चाळीसेक तोंडं. त्याच्या कोपराआड लाल दिवा. मी आपला सरळ गेलो. संध्याकाळी मोबाइलवर पाचशेचं चलान, फोटोसकट. फोटोत माझी स्कूटर आणि मागे हाच, हात जोडून!

भूमिपूजनाचा नारळ फोडा. रस्त्याचं नंतर बघू.

डीजे तुमचा, कान लोकांचे.

शपथ घ्यायची वेळ आलीच तर मतदार दात घासून होईपर्यंत उरका. 23 नोव्हेंबर 2019 चा फडणवीस-अजित पवारांचा भल्या सकाळचा शपथविधी आठवा.

आता पक्ष. ज्या चिन्हावर निवडून आलो तिथेच राहायचं, असा खुळा समज काही जुन्या मतदारांत अजून आहे. पक्षांतरबंदी 1985 ला आली, एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर माफ, ही पळवाट 2003 ला बुजवली. घाबरू नका. जून 2022 मध्ये सुरत, गुवाहाटी, मग गोवा अशी सहल निघाली आणि शिवसेनेच्या अपात्रतेचा निकाल लागला 10 जानेवारी 2024 ला. अपात्र कोण? कुणीच नाही. हे पण पात्र, ते पण पात्र! दीड वर्ष लागलं हे सांगायला. आमची पाणीपट्टी थकली की नळ तोडायला माणूस दारात उभा, आणि इथे मतं एकाला दिली, गेली भलतीकडे, तरी विचारायचं कुणाला? 288 आमदारांत मंत्री होणार जास्तीत जास्त 43. म्हणजे उरलेले रुसणार, रुसले की महामंडळ, नाहीतर पुन्हा बॅगा भरायच्या. आम्ही टीव्हीपुढे बसून हॉटेलं मोजायची!

जाऊ दे, कसले सल्ले देत बसलोय. अरे बाबा, चौक तुझ्या बापाचा आहे का? उच्च न्यायालयाने कितीदा कान उपटले, तरी लाज नाही? आणि तुम्ही! 'दादा, दादा' करत त्याच फ्लेक्सखाली सेल्फी काढता, वर तुमचं पण चलान आलं म्हणून मलाच फोन करता. परवा शाळेची पोरं तिथेच मधोमध अडकली होती, रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. वाढदिवस मंगळवारी झाला, आज सोमवार. काढ तो फ्लेक्स.