बसू द्या पोट्ट्याला, पिकून राहिला तो

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरात घराबाहेर पडणारा एक तर कुरिअरवाला असतो, नाही तर लग्नाचा पाहुणा. बाकी आपण सारे कूलरसमोर. अशा दुपारी मी 'फुटबॉल मॅनेजर' हा संगणकावरचा गेम खेळतो, ज्यात आपण क्लब चालवायचा आणि संघ निवडायचा. तरुण खेळाडू कसा घडवावा याचं जे शास्त्र मला त्यातून साधलं, ते तुम्हाला आज फुकट देतो.

आधी खरेदी. दक्षिण अमेरिकेतला सतरा वर्षांचा एखादा पोट्टा शोधा, ज्याच्या भविष्यापुढे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटने पाचपैकी साडेचार तारे काढले आहेत. भाव पाहू नका. त्याच जागेवर खेळणारे तिघे आपल्याकडे आधीच असले तर फारच उत्तम, म्हणजे चौथ्याला खेळवायचा प्रश्नच नाही. घ्या, पाठीवर मोठा नंबर द्या आणि राखीव खेळाडूंच्या बेंचवर बसवा. झालं.

आता काही शहाणे तुम्हाला आकडे सांगतील. सांगू द्या. ते म्हणतील, या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे लपवलेले असतात, दोन्ही २०० पैकी: एक आजची कुवत, एक पुढे कुठवर जाऊ शकेल ती कुवत. दुसरा आकडा नवा डाव सुरू होतानाच ठरून जातो, तुम्ही डोकं आपटलं तरी वाढत नाही. पहिला मात्र हळूहळू चढतो. साधारण अठरापर्यंत चांगलं मैदान, चांगला कोच आणि पोराचा स्वभाव यांच्यावर काम भागतं. त्यानंतर मैदानावरची मिनिटं लागतात, तीही खऱ्या स्पर्धेतली, त्याला झेपेल आणि तरी दमवेल अशा पातळीवरची. अठरा वर्षांखालच्या संघात पाच-पाच गोल मारून फार काही होत नाही म्हणे.

हे सगळं खरं आहे. पण या लोकांना सौंदर्यदृष्टी नाही. पोट्टा मैदानावर उतरला की काय होतं? पास चुकतो, गोलकीपर समोर असताना चेंडू आकाशात मारतो, मॅचनंतर त्याच्या नावापुढे दहापैकी ६.४ दिसतात. बेंचवर बसलेल्याला कधी कोणी ६.४ दिलेत? तो बसला आहे तोवर तो उद्याचा जगज्जेता आहे.

लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना, पाठवायची हौस असेल तर जपून. ज्या क्लबला स्ट्रायकर हवा आहे, जो लेखी सांगतो की हा आमचा नेहमीचा खेळाडू राहील, त्याला नकार द्या. तिथे पोट्टा तीस-पस्तीस मॅच खेळून परत येईल आणि तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एखादा मोठ्या नावाचा क्लब निवडा, तिथल्या बेंचची गादी जास्त मऊ असते. खेळवलं नाही तर दंड, ही अट करारात टाकू नका, उगाच संबंध बिघडतात. दर महिन्याला लोनचा रिपोर्ट येतो, तो उघडायचा नाही. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने एके काळी तिसाहून जास्त पोरं अशी गावोगावी ठेवली होती. मग फिफाने घोळ केला: जुलै २०२४ पासून एका क्लबला परदेशातल्या क्लबांकडे फक्त सहा जण लोनवर पाठवता येतात. पण २१ पर्यंतच्या, घरी तयार केलेल्या पोरांना त्यातून सूट आहे. म्हणजे एकविसावं संपेपर्यंत आपल्याला मोकळं रान.

तरीही कोणी वाद घातलाच तर अमेरिकेच्या फ्रेडी अडूचं नाव घ्या. २००४ मध्ये, चौदाव्या वर्षी डीसी युनायटेड या तिथल्या क्लबकडून मैदानावर उतरला. या गेममध्ये तर आपण सगळ्यांनी त्याच्याकडून कप जिंकून घेतले. खऱ्या आयुष्यात काय झालं? "लवकर खेळवला, म्हणून वाया गेला," असं ठणकावून सांगा. २००७ मध्ये तो पोर्तुगालच्या बेनफिका क्लबला गेला, तिथून मोनॅको, बेलेनेन्सेस, अरिस, रिझेस्पोर असा लोनवर फिरला, आणि त्या वर्षांत मैदानावर किती होता, याचा हिशेब कोणी मागत नाही. आपणही काढायचा नाही.

माझं शास्त्र फक्त संगणकापुरतं आहे असं समजू नका, देशाने ते केव्हाच उचललं आहे. २०१० मध्ये आपल्या फुटबॉल महासंघाला भलतंच सुचलं होतं. पोरांना खेळायला मिळत नाही, म्हणून पोरांचाच संघ काढून थेट आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल स्पर्धेत टाकला, त्यालाच पुढे इंडियन अॅरोज म्हणू लागले. तो २०१३ मध्ये मोडला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडे झाला, जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध डोकं लावून गोल केला, आणि त्या भरात संघ पुन्हा उभा राहिला. पोरं हरायची, पण दर आठवड्याला खेळायची. २०२२ मध्ये तोही बंद केला तेव्हा कुठे शांतता झाली. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) तर गोल मारायचं काम बहुतेक क्लब परदेशी पाहुण्याला देतात, आपला पोट्टा बाजूला बसून बघतो, शिकतो. किती शिकला? राष्ट्रीय संघाचा स्ट्रायकर सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्यात रडून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याने मालदीवविरुद्ध शिलाँगमध्ये गोल केला. एकशे चाळीस कोटींच्या देशाचं बेंच इतकं मजबूत असावं, याला म्हणतात नियोजन.

आमच्या रविवारच्या मैदानावरही तेच चालतं. आम्ही चाळिशीपुढचे अकरा जण खेळतो, गुडघ्याला पट्टे, पोटाला जर्सी तंग. एक सोळा वर्षांचा पोट्टा गोलमागे उभा राहून चेंडू आणून देतो. मागच्या रविवारी कोणाच्या तरी पायात गोळा आला म्हणून शेवटची चार मिनिटं त्याला घेतलं. पहिलाच चेंडू त्याने माझ्या दोन पायांमधून काढला. मी वळलो, पण गुडघा वळला नाही, तोवर तो पलीकडे. नंतर तर्री पोहे खाताना आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोट्टा चांगला आहे, पण घाई करतो. अजून एक वर्ष चेंडू आणू दे.

तुम्ही विचाराल, इतकं सांभाळून तुमच्या त्या पहिल्या पोट्ट्याचं काय झालं? संत्रा झाडावर फार दिवस ठेवला की वरून छान टपोरा दिसतो, पण हातात घेतला की साल वेगळी, फोडी वेगळ्या, आणि आत रस नाही. काटोलकडचा कोणताही बागवाला हे सांगेल. माझा पोट्टा तेविसाव्या वर्षी तसाच निघाला. साडेचारचे अडीच तारे झाले. सहा सीझनमध्ये त्याला एकूण अकरा मॅच दिल्या होत्या, त्यातल्या नऊ शेवटच्या दहा मिनिटांत. मी तपास केला आणि कोचला काढून टाकलं. मग नवा पोट्टा घेतला, सतरा वर्षांचा, साडेचार ताऱ्यांचा.

हे सगळं माझा भाचा शेजारी स्टुलावर बसून बघत असतो. तीन उन्हाळे झाले. कूलरमध्ये पाणी तोच भरतो, खसची ताटी तोच ओली करतो.

"मामा, याला काहून खेळवून नाही राहिले तुम्ही?" तो विचारतो.

"बघत जा. बघूनच शिकतो माणूस."

"मग एक मॅच मी खेळू?"

"अजून तुझं वय काय."

परवा दारावर भांडेवाला आला म्हणून मी उठलो. जुन्या कुकरचं काय देशील, यावर पाच-दहा मिनिटं गेली. परत आलो तर भाचा माझ्या खुर्चीत. त्र्याहत्तरावं मिनिट, आम्ही एकाने मागे, आणि त्याने नव्या पोट्ट्याला उतरवलेलं. मी उभ्या उभ्या बघत राहिलो. पोट्ट्याने दोन चेंडू वाया घालवले, तिसरा मारला, शेवटच्या मिनिटाला चौथाही. भाचा उडी मारून उठला, स्टूल पडलं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खुर्ची मागून घेतली आणि सेव्ह न करता गेम बंद केला. पुन्हा उघडला तेव्हा मॅच सुरू व्हायची होती. पोट्टा बेंचवर, साडेचारही तारे शाबूत. भाचा बादली घेऊन कूलर भरायला गेला.