जियानचा आवाज आणि ‘कुसे नी’

मागच्या आठवड्यात वर्गात डोरेमॉन लावला होता. मी पुण्यात जपानी शिकवते. एन-थ्रीच्या, म्हणजे जपानी परीक्षेच्या मधल्या पातळीच्या मुलांना ‘कुसे नी’ हा प्रयोग शिकवायचा होता आणि पुस्तकातली व्याख्या वाचून तो कुणाला कळत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. मराठीत मात्र तो चटकन सापडतो. “मुलगा असून रडतोस?” यातलं जे ‘असून’ आहे ना, तेच ‘कुसे नी’. ते साधं ‘असूनही’ नसतं. त्यात नाक मुरडलेलं असतं. समोरच्याला त्याची पायरी दाखवलेली असते. याचं जपानमधल्या पोराटोरांना पाठ असलेलं उदाहरण म्हणजे नोबितावर फेकलं जाणारं वाक्य: “नोबिता नो कुसे नी नामाइकी दा.” नोबिता असून एवढी मिजास?

माझ्या वर्गातली सगळी मुलं डोरेमॉनवर वाढलेली, पण हिंदीतून. नोबिताला छळणारा दांडगट जियान मूळ जपानीत त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. छातीतून येणारा, खरखरीत, वाक्याचा शेवट दाबून टाकणारा आवाज. दोनदा ऐकवला. मग एका मुलीनं विचारलं, मॅडम, हा आवाज कुणाचा? मी फोनवर किमुरा सुबारुचा फोटो काढून दाखवला. फोन बाकांवरून फिरला. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “हा? हा तर फॉरेनर आहे!” आणि लगेच दुसरा, अगदी मनापासून कौतुकानं, “फॉरेनर असून काय भारी जपानी बोलतो!”

असून. अर्धा तास जे समजावत होते, ते त्यानं नकळत करून दाखवलं. वर्ग हसला. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते इथं लिहिते आहे, कारण हा विषय मला खरोखर लागतो.

किमुरा सुबारुचा जन्म २९ जून १९९०चा, लाइपझिगमधला. तेव्हा ते पूर्व जर्मनीत होतं. दोनच दिवसांनी, १ जुलैला, तिथं पश्चिम जर्मनीचं चलन लागू झालं आणि ३ ऑक्टोबरला तो देशच नकाशावरून गेला. वडील जर्मन, ऑपेरा गायक. आई जपानी. जन्मनाव सुबारु सॅम्युएल बार्च. सुबारु म्हणजे आपलं कृत्तिका नक्षत्र. सातव्या वर्षी तो जपानला आला. ज्यांना जपानी शिकायचा अनुभव आहे त्यांनी या वयाचा जरा विचार करावा. जपानी शाळेत पहिलीतच ८० कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं होतात, दुसरीत आणखी १६०. वर्गातली बाकीची पोरं जन्मापासून त्या भाषेत लोळलेली असतात आणि हा जर्मनीतली सात वर्षं पाठीशी घेऊन येतो.

तोच मुलगा एप्रिल २००५मध्ये जियान झाला. वय १४. शाळकरी पोरगा. त्या वर्षी टीव्ही असाहीनं डोरेमॉनच्या मुख्य पाचही पात्रांचे आवाज एकदम बदलले. १९७९पासून, म्हणजे २६ वर्षं, तेच आवाज घराघरांत होते. नवा डोरेमॉन मिझुता वासाबी, नवा नोबिता ओहारा मेगुमी, शिझुका काकाझु युमी, सुनेओ सेकी तोमोकाझु. हे सगळे मुरलेले, मोठे कलाकार. आणि त्यांच्यात हा. जियानचे आधीचे आवाज तातेकाबे काझुया तेव्हा सत्तरीत होते. सत्तरीतल्या माणसाच्या गळ्यातून निघालेला दहा वर्षांचा दांडगट मुलगा आता आवाज फुटण्याच्या वयातल्या पोराच्या गळ्यात गेला.

हे काम चालतं कसं तेही सांगते, कारण ‘आवाज द्यायचा म्हणजे माईकसमोर बसून वाचायचं’ असं पुष्कळांना वाटतं. जपानमध्ये याला आफुरेको म्हणतात. चित्रं आधी, आवाज नंतर. सगळे कलाकार एका खोलीत, माईक दोन-चारच. हातात संहिता, समोर पडदा. आपलं वाक्य आलं की उठायचं, पावलांचा आवाज न करता मोकळ्या माईकपाशी जायचं, पात्राचं तोंड हलतं तेवढ्यातच वाक्य बसवायचं, मागं यायचं. कागद उलटल्याचा आवाजसुद्धा चालत नाही. जियान आरडाओरडा करतो, पण ओरडण्याआधी आणि नंतर त्या खोलीत सुई पडली तरी ऐकू येईल.

आता माझ्या धंद्यातलं निरीक्षण. परक्या भाषेत नम्र होणं त्या मानानं सोपं असतं. देसु-मासु लावून नीटनेटकं बोलायला आम्ही वर्षभरात शिकवतो. मुलं स्टेशनवर रस्ता विचारू शकतात, ऑफिसात माफी मागू शकतात. पण दमदाटी? जियान स्वतःला ‘ओरे’ म्हणतो, म्हणजे रांगडा ‘मी’. ‘उरुसाइ’चं (गप्प बस) ‘उरुसे’ करतो, ‘नाइ’चं (नाही) ‘ने’ करतो, वाक्याच्या टोकाला ‘झो’ ठोकतो. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात शिकवत नाहीत. हे गल्लीत शिकायचं असतं, मार खाऊन आणि देऊन. मराठीत “ए, काय रे!” यातला ‘ए’ किती लांबवला की धमकी होते आणि किती आखडला की थट्टा, हे शिकवायला कुणी क्लास काढलेला नाही. जपानी गल्लीतला हा ‘ए’ ज्याला इतका पक्का सापडलाय की दोन दशकं त्या देशातली लहान मुलं दांडगटाचा आवाज म्हणून तोच ओळखतात, त्याला ‘फॉरेनर असून’ म्हणायचं? भाषा त्याची आहे. त्यानं ती घेतली, घासली, वापरली.

आणि जियान नुसता दांडगट नाही, हे डोरेमॉन पाहिलेल्यांना सांगायला नको. पाइपांच्या मोकळ्या जागेत त्याचं ते भयाण गाणं, सगळ्यांना जबरदस्तीनं बसवून. घरी आईपुढे मात्र भिजलेलं मांजर. बहीण जायकोसाठी जीव टाकणारा. आणि सिनेमात तर तो वेगळाच होतो, मित्रासाठी संकटात उडी घेणारा. एवढे सगळे रंग एका गळ्यातून काढायचे. ऑपेरा गायकाच्या मुलाला आयुष्यभर बेसूर गाण्याचं काम मिळालं, याची मला फार गंमत वाटते. बेसूर गायला सूर पक्का लागतो. त्याचा किती पक्का आहे ते २०१७पासूनच्या हिप्नोसिस माइक या रॅपवरच्या मालिकेत ऐका. इकेबुकुरोचा यामादा इचिरो तो, आणि तिथं तो जे रॅप करतो ते ऐकून जियान आठवतही नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं जुजुत्सु कायसेन या अ‍ॅनिमेसाठी जपानी शिकायला आलेली आहेत. त्यातला आओई तोदो हाच, हे सांगितल्यावर बाक वाजले. हायक्यू या दुसऱ्या अ‍ॅनिमेमधला तेंदो सातोरीही हाच.

जपानमध्ये आईबापांपैकी एकच जपानी असलेल्या मुलांना ‘हाफु’ म्हणतात. अर्धा. इंग्रजी शब्दावरून आलेला, सत्तरच्या दशकात रुळलेला. कायद्यालाही ही मुलं फार उशिरा दिसली. १९८५च्या सुरुवातीपर्यंत जपानी नागरिकत्व बापाकडूनच मिळायचं. जपानी आई आणि परदेशी बाप असलेल्या मुलाला जन्मानं ते मिळत नसे. कायदा बदलल्यानंतर साडेपाच वर्षांनी सुबारुचा जन्म. कागद बदलले, तोंडं हळू बदलतात. ‘हाफु नो कुसे नी’ हे वाक्य तिथल्या अशा अनेक मुलांनी ऐकलेलं आहे. हाफु असून इंग्रजी येत नाही? म्हणजे जियान नोबिताला जे ऐकवतो, तेच व्याकरण. जपानी बोललास तर ‘असून’, इंग्रजी नाही बोललास तरी ‘असून’.

२०१५मध्ये आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली. नागासाकी प्रांतात जन्मलेली, तिथंच वाढलेली, वडील आफ्रिकी अमेरिकन. लोक म्हणाले, ही जपानी दिसत नाही. पुढच्या वर्षी मिस वर्ल्ड जपान झालेल्या प्रियांका योशिकावाचे वडील तर भारतीय, तिलाही तेच ऐकावं लागलं.

यावर हमखास एक युक्तिवाद येतो, माझ्या ओळखीतले लोकही करतात. आवाजाच्या कामात चेहरा दिसत नाही, म्हणून अशांना ते सोयीचं. मला हे अजिबात पटत नाही. आजचा सेइयू, म्हणजे आवाज देणारा कलाकार, माईकमागे लपलेला नसतो. तो रंगमंचावर असतो, मासिकांच्या मुखपृष्ठांवर असतो. किमुरा तर जपानी मुलांच्या सकाळच्या कार्यक्रमात, ओहासुतामध्ये, शाळेत जायच्या आधी समोर उभा राहिलेला माणूस. त्याचा चेहरा तिथल्या पोरांना घरातल्या दादासारखा माहीत आहे.

आणि २०२२मध्ये एनएचकेच्या रविवार रात्रीच्या ऐतिहासिक मालिकेत, तायगामध्ये, तो आला तो राजपुत्र मोचिहितो म्हणून. हे कोण? सम्राट गो-शिराकावाचे पुत्र, ज्यांनी ११८०मध्ये तायरा घराण्याविरुद्ध शस्त्र उचलायचं आवाहन केलं आणि त्यातून पुढचं गेनपेई युद्ध, तायरा आणि मिनामोतो घराण्यांमधलं, पेटलं. जपानी इतिहासातली राजघराण्यातली व्यक्ती, आणि ती भूमिका करणाऱ्याचे वडील जर्मन. पुढच्या वर्षी तो तोकुगावा इएयासूचा सरदार वातानाबे मोरित्सुना होता, चिलखत घालून. मी मोचिहितोचा तो भाग पाहिला तेव्हा पडद्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले. कुठलंही स्पष्टीकरण नव्हतं. ‘हे असे का दिसतात’ असा संवाद नव्हता. राजपुत्र होते, बस्स.

फाइरूझ आइ या सेइयूचं नावही इथं घ्यायलाच हवं (‘आइ’ हे तिचं नाव, आपली ‘आई’ नव्हे). तोक्योत १९९३मध्ये जन्म, वडील इजिप्तचे, आई जपानी. किमुरानं जपानी आडनाव लावलं. हिनं फाइरूझ हे नाव जसंच्या तसं ठेवलं, परदेशी नावांच्या लिपीत, काताकानात, प्रत्येक श्रेयनामावलीत. २०१९मध्ये व्यायामशाळेवरच्या एका मालिकेतली साकुरा हिबिकी, २०२०मध्ये सेइयू पुरस्कारांत नवोदित अभिनेत्रीचा मान, २०२१मध्ये प्रीक्युअर या मुलींच्या लोकप्रिय मालिकेची नायिका, मग जोजो या अ‍ॅनिमेमधली जोलीन, मग चेनसॉ मॅन या अ‍ॅनिमेमधली पॉवर. जोलीन साकारायची हे स्वप्न घेऊनच ती या क्षेत्रात आली होती. पॉवर ऐकली आहे का? ती किंचाळते, बढाया मारते, खोटं बोलते, आणि एका मांजरीसाठी विरघळते. नाव लपवलं काय आणि न लपवलं काय, काम त्याच ताकदीचं. दोघांच्याही निवडी मला मान्य आहेत. त्या त्यांच्या आहेत.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी रागावले नाही. तो वाईट मुलगा नाही, त्याला खरंच भारी वाटलं होतं. माझ्या भाच्याचे वडील तमिळ आहेत. पुण्यातच जन्मला, माझ्या आईच्या मांडीवर मराठी शिकला. एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी त्याचं आडनाव वाचलं, भाषण ऐकलं आणि बक्षीस देताना माईकवर म्हणाले, “तमिळ असून किती शुद्ध मराठी!” टाळ्या पडल्या. तो खाली येऊन बसला आणि आजीला हळूच म्हणाला, आजी, मी मराठीच आहे ना गं? आईनं त्याचा हात धरून ठेवला, पुढचं सगळं भाषण होईपर्यंत. त्या परीक्षकांच्या मनातही कौतुकच होतं.

म्हणून तातेकाबे काझुयांबद्दल सांगते. २६ वर्षं ज्यांनी जियान जगवला, त्यांच्या जागी कुणी तरी येणार होतं, आणि आलं ते चौदा वर्षांचं, अर्धं जर्मन पोर. त्या म्हाताऱ्यानं त्याला जवळ केलं. तू मोठा झालास की आपण दोघं मिळून दारू पिऊ, असा वायदा केला. जपानमध्ये त्यासाठी वीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. २०१०मध्ये किमुरा वीस वर्षांचा झाला आणि पुढे ते दोन जियान खरंच एकत्र प्यायला बसले. १८ जून २०१५ला तातेकाबे गेले, ऐंशी वर्षांचे होऊन. किमुराला पंचविसावं पूर्ण व्हायला तेव्हा अकरा दिवस होते. अंत्यविधीत त्यांना निरोपाचे शब्द त्यानं वाहिले, जपानीत.